उंदरातील दाह कमी झाला, म्हणजे दम्याचे औषध सापडले असे म्हणता येईल का?

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थिनी, औषधशास्त्र

सर्व जाणकारांस नमस्कार. एका नव्या संयुगाचा ॲलर्जीमुळे होणाऱ्या श्वासनलिकांच्या दाहावर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. उंदरांना ओव्हाल्ब्युमिन हे अंड्यातील प्रथिन, प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसह, दोनदा टोचले, पुढे त्याच प्रथिनाचा फवारा त्यांना हुंगवला आणि शेवटी फुप्फुसे सलाईनने धुऊन त्या द्रावातील पेशी मोजल्या. औषध न दिलेल्या गटाच्या स्लाइडवर गुलाबी कणांनी भरलेल्या इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी होती, तर संयुग दिलेल्या गटाच्या स्लाइडवर त्या अक्षरशः शोधाव्या लागत होत्या. मला अतिशय आनंद झाला; परंतु आमच्या विभागातील एक ज्येष्ठ संशोधक म्हणाले की यावरून माणसाच्या दम्याविषयी फारसे काही सांगता येणार नाही. तसे असेल तर निष्कर्षात मी नेमके काय आणि किती म्हणावे?

उत्तर १ : प्राणीप्रयोगांचा अनुभव असलेला वाचक

संयुग केव्हा दिले, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते पुष्कळसे त्यावरच अवलंबून आहे. प्रथिन टोचण्याच्या काळातच ते दिले असेल, तर कदाचित उंदराला ॲलर्जी जडण्याची क्रियाच आपण रोखली असेल. दम्याचा रुग्ण मात्र ॲलर्जी जडल्यानंतर, बहुधा अनेक वर्षांनी, औषध मागायला येतो. म्हणून फवारा सुरू होऊन दाह पुरता स्थिरावल्यावर संयुग देऊन पाहावे. अनेक आशादायक संयुगे याच पायरीवर फिकी पडतात.

दुसरे असे की उंदराला आपणहून दमा होत नाही. तो आपण घडवून आणतो. त्याच्या मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत रसायने सोडणाऱ्या पेशी, सेरोटोनिनही मोठ्या प्रमाणात सोडतात, त्यामुळे त्याच्या श्वासनलिका आकसल्या तरी त्यामागील रसायन माणसाप्रमाणेच हिस्टॅमिन किंवा ल्युकोट्राइन असेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ओव्हाल्ब्युमिनचा फवारा दीर्घकाळ देत राहिल्यास उंदीर त्याला सरावतो आणि दाह उलट ओसरतो. शक्य असल्यास धुळीतील माइट या सूक्ष्म जीवाचा अर्क नाकावाटे देऊन तोच प्रयोग करावा. माणसाच्या ॲलर्जीत माइटचा वाटा मोठा आहे, आणि त्या अर्काला ॲल्युमिनियमच्या क्षाराची जोडही लागत नाही.

उत्तर २ : श्वसनविकारतज्ज्ञ

वरील मुद्दे योग्यच आहेत. मात्र दोष सगळा उंदराच्या माथी मारू नये, असे मला कळकळीने वाटते. इओसिनोफिल वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-५ या रेणूला अडवणाऱ्या मेपोलिझुमॅब या औषधाची कथा आपण जरूर वाचावी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य दमा असलेल्या रुग्णांच्या रक्तातील आणि थुंकीतील इओसिनोफिल या औषधाने झपाट्याने घटले, परंतु ॲलर्जीकारक पदार्थ हुंगल्यानंतर काही तासांनी येणारा श्वासनलिकांचा आकस जराही कमी झाला नाही. २००७ साली ३६२ रुग्णांवरील चाचणीतही श्वासाच्या जोरात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. इओसिनोफिल हे दम्याचे कारण नसून केवळ साक्षीदार आहेत, असे त्या वेळी अनेकांना वाटू लागले होते.

मग २००९ साली दोन लहान चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत स्टेरॉइड घेऊनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल टिकून होते, असेच रुग्ण निवडले होते. त्यांपैकी ६१ रुग्णांच्या चाचणीत मोजले ते वर्षभरातील तीव्र झटके, आणि ते औषध न मिळालेल्या गटात सरासरी ३.४, तर औषध मिळालेल्या गटात २.० होते, जरी फुंकर मारून मोजलेल्या फुप्फुसक्षमतेत फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे रेणू तोच राहिला. बदलले ते रुग्ण आणि मोजमाप. अमेरिकेत या औषधाला २०१५ साली मान्यता मिळाली. माझ्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे तोंडावाटे स्टेरॉइड घेऊन चेहरा सुजलेले आणि हाडे ठिसूळ झालेले रुग्ण येत असत. त्यांच्यातील काहींच्या त्या गोळ्या या औषधामुळे सुटलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

याच्या उलट बाजूही आहे. इंटरल्युकिन-१३ हा त्याच कुळातील रेणू उंदरातील दम्याचा जणू सूत्रधारच होता, पण केवळ त्यालाच अडवणारी लेब्रिकिझुमॅब आणि ट्रॅलोकिनुमॅब ही औषधे दम्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत अपेक्षा पूर्ण करू शकली नाहीत. इंटरल्युकिन-४ व १३ हे दोघेही पेशीवरील ज्या रेणूला चिकटतात त्या सामाईक ग्राहीला अडवणारे ड्युपिलुमॅब मात्र यशस्वी झाले.

विद्यार्थिनी :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. संयुग मी पहिल्या टोचणीपासूनच देत होते. आता दाह स्थिरावल्यानंतर देण्याचा एक गट वाढवते. मात्र माझ्या संयुगाचा परिणाम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या तोडीचा दिसला आहे. हे तरी ठळकपणे लिहावे का?

उत्तर १ लिहिणारा वाचक :

लिहावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. या प्रारूपातील दाह स्टेरॉइडला सहज वठणीवर येतो, आणि नव्या औषधाची खरी निकड तर स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या रुग्णांना आहे. पेशींच्या संख्येबरोबर, श्वासनलिका आकसवणारे मेथाकोलीन देऊन श्वासनलिकांचा रोध प्रत्यक्ष मोजावा. मोकळ्या उंदराला पेटीत ठेवून काढलेल्या पेन्ह या आकड्यावर विसंबू नये, कारण तो श्वास घेण्याच्या लयीनेही बदलतो. निष्कर्षात “दम्यावर गुणकारी” असे न लिहिता “ओव्हाल्ब्युमिनने संवेदनशील केलेल्या उंदरांत, संवेदनशीलतेच्या काळापासून दिल्यास, इओसिनोफिलांचा शिरकाव घटला” एवढेच लिहावे, आणि नव्या गटाचे निकाल आले की ते इथे अवश्य कळवावेत.