अनुभव धागा : श्रीलंका, पुन्हा जायचंय म्हणून

धागाकर्ता (जळगाव)
खान्देशातून श्रीलंकेला जाऊन आलेले आणि 'परत जायचंय' म्हणणारे बरेच आहेत. प्रवासवर्णन नको, पुढच्याच्या कामाचं लिहा. मी हवामानापासून सुरू करतो, कारण पावसामुळेच हा देश एका फेरीत होत नाही. मे ते सप्टेंबर दक्षिणेला गॉल-बेंटोटाकडचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली, अरुगम बे कोरडं. डिसेंबर ते फेब्रुवारी याच्या उलट. म्हणजे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत पूर्व किनारा, नाताळात दक्षिण. दिवाळीची सुट्टी मात्र दोन्ही मोसमांच्या मध्ये सापडते. तेव्हा पाऊस दुपारनंतर कुठेही कोसळतो. टूरवाले बारा महिने तोच एक कार्यक्रम विकतात, म्हणून हे आधी सांगितलं.

भुसावळ जंक्शन
मुंबई-कोलंबो थेट विमान सोपं आहेच. पण उत्तरेचं जाफना करायचं असेल तर नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळवरून जाणारी नवजीवन एक्स्प्रेस चेन्नईला सोडते आणि तिथून जाफन्याच्या पलाली विमानतळाला छोटं विमान आहे. सामानाची मर्यादा तिकीट काढतानाच वाचा. जाफन्यातल्या नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढूनच आत जावं लागतं, तेव्हा खिशातले पैसे-मोबाइल ठेवायला छोटी पिशवी हवी.

आता डोंगरातली रेल्वे. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज, १६७६ मिमी. कँडी-एल्ला टप्प्याची आरक्षणं महिनाभर आधी उघडतात आणि लगेच संपतात. एसी डबा घेऊ नका, काचा बंद असतात आणि सगळी मजा उघड्या खिडकीत आहे. काही गाड्या कँडीत शिरतच नाहीत, पेरादेनियाहून पुढे जातात. तिकिटावरचं स्टेशन नीट बघा. नुवारा एलियाचं स्टेशन नानू ओया, गावापासून लांब. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात या मार्गाचं बरंच नुकसान झालं, म्हणून हॉटेल ठरवण्याआधी गाडी कुठपर्यंत चालू आहे ते पक्कं करा.

पहूरकर
अजिंठा पाहून मोठे झालेल्यांनी सिगिरिया चुकवू नये. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा हा कडा, वर जायला साधारण १२०० पायऱ्या. चित्रं निम्म्या वाटेवर, लोखंडी गोल जिन्याने; फोटो काढायला बंदी. सकाळी दार उघडताच चढा, दहानंतर दगड तापतो आणि जिन्यावर रांग अडकते. आग्या मोहोळासारखी चवताळणाऱ्या माश्यांची पोळी कड्याला असतात. आरडाओरडा केला की उठतात, हे पाटीवर लिहिलेलं असूनही लोक ओरडतात! सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते का ते खिडकीवर विचारा, मूळ पासपोर्ट सोबत असू द्या.

पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीतल्या पवित्र वास्तूंत अनवाणी फिरावं लागतं, जाड मोजे घ्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथे तो अपमान समजतात.

शाकाहारी, चोपडा
एकच मोठी अडचण : उंबलकड. वाळवलेल्या माशाचा हा चुरा खोबऱ्याच्या पोल सांबोलात, पालेभाजीच्या मल्लुममध्ये, कधी वरणातही असतो. नुसतं 'व्हेज' म्हटल्याने तो वगळला जात नाही. 'मस् एपा, माळु एपा, उंबलकड एपा' (मांस नको, मासा नको, उंबलकड नको) असं सिंहलीत तिन्ही म्हणा. जाफन्यातली तमिळ शैव (म्हणजे शाकाहारी) भोजनालयं बिनधास्त. तिखटाची चिंता नको, आपल्या मिरचीच्या तोडीचं असतं.

पोया
पोया म्हणजे पौर्णिमा, दर पौर्णिमेला सुट्टी. दारू मिळत नाही, गाड्या खच्चून भरतात. कॅलेंडर बघून जा.

रावेरची बाग
केळीवाल्यांसाठी. बाजारात आपल्या ग्रँड नैनसारखी लांब केळी कमी, घड टांगलेले वेगवेगळे. अंबुल बारीक, आंबट-गोड आणि सगळीकडे. कोलिकुट्टू जाडसर, पातळ सालीची, चवीला सर्वांत भारी आणि महाग, पण पनामा मर रोगाला बळी पडणारी. अंबुल साल थोडी काळवंडल्यावरच खा, पिवळीधमक असताना तुरट लागते.

कंद, मुनवे, मातीसकट रोप बॅगेत टाकायचा मोह कितीही झाला तरी आणू नका. परवान्याशिवाय तो कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय मर रोगाची बुरशी मातीतून येते आणि वर्षानुवर्षं जमिनीत राहते. बुटांच्या तळव्याची मातीही तिथेच धुवा.

चहाबाज, धुळे
आणायचाच तर चहा आणा. ६०० मीटरच्या खालचा दाट, १२०० च्या वरचा हलका नि सुगंधी. नुवारा एलियाचा महाग चहा आपल्या पद्धतीने दूध-साखरेत उकळला तर पैसे पाण्यात. दुधासाठी खालच्या भागातला बारीक दाणा, बीओपीएफ, घ्या. पुड्यावर सिंहाचं चिन्ह असेल तर चहा तिथलाच आणि तिथेच भरलेला.