इअरफोन परत करायच्या आधी टिप बदलून बघा

इअरफोनचा बेस (खालचा, जाड आवाज) अगदीच पातळ आहे म्हणून परत करतोय असं वर एकाने लिहिलंय, पण कंपनीला शिव्या घालायच्या आधी टिप, म्हणजे टोकाचं कानात जाणारं रबर, बदलून बघा. रबर कानात नीट बसलं नाही, बारीकशी फट राहिली तरी खालचा सगळा आवाज निसटतो आणि उरते ती नुसती चिरचिर, मग इक्वलायझरमध्ये बेस कितीही वाढवा, फार फरक पडत नाही. तपासायला ५० हर्ट्झचा टोन लावा नाहीतर सरळ तबला लावा, आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा, डग्ग्याचा घुमारा एकदम वाढला तर सील बसलेलं नाही, म्हणजे फट राहिली आहे. दोन्ही कान सारखे असतीलच असंही नाही, मला डावीकडे मीडियम आणि उजवीकडे लार्ज लागते.

कम्फर्टबद्दल त्याने जे लिहिलंय त्याच्याशी मात्र सहमत, दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही. कान दुखत असेल तर फोमच्या टिप घ्या, चिमटून बारीक करायच्या, आत घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या, फक्त वरचा आवाज जरा दबतो, झांजा-तानपुरा ऐकणाऱ्याला ते जाणवतं. शिवाय घामाने फोम खराब होतो, बदलत राहायचा खर्च धरूनच चला.