मदत हवी आहे : 'बॅटमॅन : द एनिमी विदिन'चा शेवटचा भाग नेमका कोणता खरा?

मंडळी, टेलटेल कंपनीच्या या गेमचा पाचवा भाग, 'सेम स्टिच', काल रात्री संपवला. आला मार्च 2018 मध्ये, माझ्या हाती इतक्या उशिरा पडला. (पुढे कथा उघड होते, खेळायचा असेल तर इथेच थांबा.)

माझ्या खेळात जॉन डो (नायक ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, याच्याशी मैत्री करू पाहणारा) सरळ खलनायक जोकर झाला. रंगला, पण अमांडा वॉलरच्या सरकारी एजन्सीचं प्रकरण घाईत गुंडाळल्यासारखं वाटलं. नंतर परीक्षणं वाचायला घेतली आणि डोकंच गरगरलं. बहुतेकांनी या भागाला डोक्यावर घेतलंय आणि कारण एकच: चौथ्या भागाच्या शेवटी जॉनवर विश्वास ठेवला की नाही, यावरून अख्खा पाचवा भाग बदलतो. दुसऱ्या वाटेनं गेलं तर तो बॅटमॅनच्या जोडीनं लढायला उतरतो म्हणे! म्हणजे मी अर्धाच शेवट पाहिला की काय?

ज्यांनी दोन्ही वाटा खेळल्यात त्यांनी सांगा, हे कौतुक दोन्हींना लागू पडतं की फक्त मैत्रीच्या वाटेला? आणि फक्त चौथ्या भागापासून पुन्हा खेळलं तर चालेल का? की जॉनशी सुरुवातीपासून गोडीनं वागलं तरच तो प्रसंग मनाला भिडतो? नोकरी सांभाळून पाचही भाग परत खेळणं जरा जडच आहे.

ब्रूसचा जुना बटलर आल्फ्रेड, त्याच्या निरोपाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. बॅटमॅनपण सोडायचं की आल्फ्रेडला जाऊ द्यायचं, हे ठरवताना कंट्रोलर हातात धरून नुसता बसलो होतो.