आत्याच्या जमिनीचा दावा, फुकट वकील मिळतो का?

खानापूरकर: आमची आत्या विधवा आहे, काजू फोडायला जाते, रोजगारावर घर चालतंय. आजोबा वारल्यावर काकांनी परस्पर वर्दी (वारस नोंदीचा अर्ज) करून उताऱ्यावर फक्त आपलीच नावं लावून घेतली. आता तहसीलकडनं नोटीस आलीय ती सगळी कन्नडमध्ये, आत्या ती रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत घालून घरोघरी वाचून घेत फिरायलीय. एका वकिलांनी आधी पंचवीस हजार ठेवा म्हणून सांगितलं. फुकट वकील मिळतो म्हणतात ते खरं काय? की नुसतं बोर्डावरच?

जुना बेळगावकर: खरं आहे. 1987 चा कायदा आहे, कायदा सेवा प्राधिकरणाचा. त्यात बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही, आत्या बाई आहे एवढं पुरे. तालुका कोर्टातच समिती असते, आधार आणि ती नोटीस घेऊन जावा. अर्ज लिहायला येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले लोक लिहून घेतात. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च सगळं त्यांच्याकडनं. आधी 15100 वर फोन लावून बघा. आणि हरकतीची मुदत नोटिशीतच असते, ती आजच कुणाकडनं तरी वाचून घ्या, बाकी सगळं नंतर.

रानवाट: मिळतो हो, पण माझ्या वहिनीला मिळालेला पॅनल वकील, म्हणजे समितीच्या यादीतला वकील, तीन तारखांना आलाच नाही, आम्ही आपले सकाळच्या गाडीनं जाऊन बाकड्यावर बसून परत. शेवटी समितीकडं लेखी दिलं तेव्हा वकील बदलून मिळाला, म्हणून पहिल्या दिवसापासनं तारखा वहीत लिहून ठेवा.

खानापूरकर: आजोबा आणि त्यांच्या भावाचं वाटणीपत्र 1954 चं आहे, मराठीत. ते चालतंय का?

जुना बेळगावकर: चालतंय, तेव्हा आपण मुंबई राज्यातच होतो की, 1956 ला इकडं, म्हणजे आताच्या कर्नाटकात आलो. अडचण कागदाची नाही, भाषेची. कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्चसुद्धा या मदतीत बसतो, पण तो आपणहून कोण सांगत नाही, मागावा लागतो. अर्जातच लिहून द्या. मुलीचा हक्क म्हणाल तर हिंदू वारसा कायद्याची 2005 ची दुरुस्ती आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा निकाल आहे, वडील दुरुस्तीच्या वेळी हयात असायलाच पाहिजेत असं नाही.

रानवाट: अजून एक. काका लोकअदालतीत मिटवूया म्हणतील. मिटलं तर बरंच, कोर्ट फी पण परत मिळते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. कन्नडमधला कागद समोर ठेवून अंगठा लाव म्हणाले तर आधी मराठीत वाचून दाखवा म्हणायचं.

खानापूरकर: नोटीस शेजारच्या पोरानं वाचली, मुदतीला अजून आठ दिवस आहेत. सोमवारी आत्याला घेऊन जातो, ती म्हणते पगार बुडतोय, तेवढा मी देतो म्हटलं.