जपानला ६ रात्री, हातखर्चाला किती येन धरायचे?

घरकोंबडी

मी आणि माझी धाकटी बहीण पहिल्यांदाच जपानला चाललोय. ३ रात्री टोकियो, ३ रात्री क्योतो, उतरणार टोकियोत आणि परत निघणार कन्साई विमानतळावरून. विमान आणि हॉटेलचे पैसे भरून झालेत, राहिला हातखर्च, आणि तिथेच आमचं घोडं अडलंय. बहीण म्हणते माणशी दिवसाला १०,००० येन धर आणि विषय संपव, कुठल्याशा व्हिडिओत ऐकलाय तिने हा आकडा. मी एक्सेल उघडून बसलेय तर त्यात आत्तापर्यंत 'जेवण' आणि 'इतर' असे दोनच रकाने झालेत. १०,००० पुरतात का? त्यातले रोख किती ठेवायचे? आणि तो ७ दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेच्या गाड्यांचा, एकदा घेतला की तेवढे दिवस हवं तितकं फिरायचा) घ्यावा का, सगळे घ्या घ्या म्हणतात. खरेदीचं फार वेड नाही, म्हणजे मला नाही, बहीण पेनं-वह्या दिसल्या की हरवते.

नंदीबैल

पास नको!! घ्या म्हणणारे २०२३ च्या आधी जाऊन आलेत. ७ दिवसांचा पास तेव्हा २९,६५० ला होता, ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० झाला. तुमचा मोठा प्रवास एकच, टोकियो ते क्योतो, शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट साधारण १४,०००. बाकी सगळं गावातल्या गावात. ५०,००० कशाला घालवताय.

हिशोबी_मांजर

बहिणीचा १०,००० चा आकडा वाईट नाहीये पण दिवसाला इतके असं धरलंत की दुसऱ्याच दिवशी हिशोब बोंबलतो. कारण तसा दिवस उगवतच नाही. ज्या दिवशी शिंकान्सेन त्या दिवशी सकाळीच १४,००० गेले, आणि ज्या दिवशी टोकियोत नुसते पायी भटकलात, मेइजी देवळात गेलात, आसाकुसाचं सेन्सोजी बघितलं (दोन्ही फुकट), संध्याकाळी शिंजुकूच्या महापालिका इमारतीच्या ४५ व्या मजल्यावरून शहर बघितलं (तेही फुकट, लिफ्टला रांग असते तेवढीच), त्या दिवशी ५,००० पण संपत नाहीत. मग रात्री माणूस म्हणतो अरे आज वाचले की, आणि उधळतो. पहिल्या खेपेला मी हेच केलं आणि शेवटचे दोन दिवस ओनिगिरीवर (भाताच्या गोळ्यांवर) काढले.

म्हणून आधी ठरलेले खर्च बाजूला काढा. शिंकान्सेन, विमानतळाची दोन्हीकडची ट्रेन, देवळांची तिकिटं. किन्काकुजी ५००, कियोमिझु ५००, फुशिमी इनारी फुकट, असं क्योतोत ३ दिवसांत माणशी ४-५ हजार धरले तरी पुष्कळ. उरतात ते रोजचे, म्हणजे जेवण आणि मेट्रो-बस. जेवणाचं म्हणाल तर सकाळी कोंबिनीतून (तिथल्या २४ तास उघड्या दुकानांना कोंबिनी म्हणतात) काहीतरी उचलायचं, दुपारी थाळीसारखा सेट मिळतो त्याला तेईशोकु म्हणतात तो १,००० च्या आसपास, मोठं जेवायचंय तर ते दुपारीच जेवा, त्याच हॉटेलात रात्री दर वेगळे असतात. रात्री डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जायचं, बंद व्हायच्या तासभर आधी डब्यांवर सवलतीची स्टिकरं लावत माणूस फिरतो, तो 'हानगाकु' म्हणजे अर्ध्या किमतीवर आला की आजूबाजूच्या बायका कशा सरसावतात ते बघण्यासारखं असतं. असं केलंत तर ४,००० त माणशी पोटभर.

शाकाहारी असाल तर मात्र जेवणाचा आकडा वाढवा. माशाचं पाणी (दाशी) सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये सगळीकडे असतं, त्यामुळे स्वस्तातले पर्याय निम्मे बाद होतात.

बोलका_पोपट

रोख किती, याचं उत्तर द्यायचा अधिकार मला आहे कारण मी क्योतोच्या सिटी बसमध्ये १०,००० ची एकच नोट घेऊन चढलेला माणूस आहे 😭 तिथे मागून चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळच्या डब्यात पैसे टाकायचे. मशीन मोड देतं पण १,००० ची नोट असेल तरच. मागे दहाएक लोक उभे, कुणी हूं की चूं करत नाही, त्याने अजूनच लाज वाटते. शेवटी बायकोच्या पाकिटातून १०-१० ची नाणी निघाली, दोघांचे ४६० येन म्हणजे ४६ नाणी, मी एकेक मोजतोय आणि ड्रायव्हर माझ्याबरोबर मान हलवत मोजतोय.

तर सांगायचं हे की रोख किती यापेक्षा कशी ते बघा. मोठ्या दुकानांत, हॉटेलात, साखळी रेस्टॉरंटांत कार्ड चालतं. रोख लागते ती लहान देवळं, छोटी खानावळ, लॉकर, आणि रामेनच्या दुकानात दारातच तिकिटाचं मशीन असतं तिथे, त्यातली कित्येक १,००० चीच नोट घेतात. जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या त्या काही जुन्या मशीनना अजून ओळखू येत नाहीत हे आणखी वेगळं. दहा हजारी नोट सकाळी कोंबिनीत पाण्याची बाटली घेऊन मोडायची, ते तोंड वाकडं करत नाहीत. दोघींत मिळून २०,००० रोख घेऊन उतरा, संपले की सेव्हन इलेव्हनमधल्या एटीएममधून काढा, बाहेरची कार्डं चालतात तिथे. एकदाच मोठी रक्कम काढा, दर खेपेला तुमची बँक आपलं घेते. आणि एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारेल की येनमध्ये घेऊ का तुमच्या चलनात, तर डोळे मिटून येन. दुसरं बटण दाबलं की त्यांचा दर लागतो, तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

आणि ५ ची नाणी खर्चू नका, देवळात टाकायला असतात. 'गो-एन' म्हणजे ५ येन आणि 'गो-एन' म्हणजे ऋणानुबंध पण, म्हणून.

तळटीप

वरचं सगळं बरोबर पण न धरलेले खर्च राहिले.

एक म्हणजे मुक्कामाचा कर. हॉटेलचे पैसे भरले म्हणताय पण साइटवर भरलेल्यात हा बहुतेकदा नसतो, काउंटरवर मागतात. क्योतोत मार्च २०२६ पासून वाढलाय, माणशी एका रात्रीचं भाडं ६,००० ते १९,९९९ मध्ये असेल तर ४०० येन, त्याखाली २००, २०,००० च्या वर १,००० आणि पुढे चढतच जातो. माणशी, दर रात्री.

दुसरं, इझाकायात (दारू-चखण्याची जागा) बसलात की न मागता एक छोटी बशी येते, तिला ओतोशी म्हणतात आणि बिलात माणशी ३००-५०० लागतात. आम्ही आपले खूश, फुकट दिलं म्हणून, दोनदा आभार मानले. टिप मात्र कुठेही द्यायची नाही, ठेवलीत तर विसरलात समजून मागे धावत येतील.

तिसरं, किमतीची पाटी नीट वाचा. मोठ्या आकड्यात कराशिवायची किंमत आणि खाली बारीक अक्षरात करासहित, असं सर्रास असतं. कर १०%, खाणं पार्सल घेतलं तर ८%.

बहिणीच्या पेनांसाठी: एकाच दुकानात एका दिवसात कर सोडून ५,००० च्या वर खरेदी झाली तर परदेशी पाहुण्यांना हा कर माफ असतो, पासपोर्ट मूळ लागतो, फोटो चालत नाही. फक्त १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना दाखवून परत मिळवायचा अशी पद्धत आहे, म्हणजे तोवर ते पैसे अडकले असं धरा.

घरकोंबडी

बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं 🙏 शाकाहारी नाही आम्ही, तो प्रश्न मिटला. शीट नव्याने केली, दोघींचं मिळून: शिंकान्सेन २८,०००, विमानतळ ट्रेन दोन्हीकडच्या १४,०००, जेवण ४८,०००, मेट्रो-बस १२,०००, तिकिटं १०,०००, क्योतोचा कर २,४००. झाले १,१४,४००. आता गंमत बघा, याला दोघी आणि ६ दिवसांनी भागलं तर माणशी ९,५३३!! बहीण नाचतेय की मी म्हणतच होते. वर १५,००० अडीअडचणीला, ते मी माझ्याकडे ठेवणार, तिला सांगणार नाही (ती इथे येत नाही). खरेदी पूर्ण वेगळी, ज्याची त्याने बघायची.

नंदीबैल

गाचापोन धरलं का? कॅप्सूलमधून खेळणं निघतं ती मशीनं. एक ३००-५०० ला, १०० च्या नाण्यांवर चालतात, आणि एकदा बसलं की हवं ते निघेपर्यंत कुणी उठत नाही. अनुभवाचे बोल.

घरकोंबडी

नाही धरलं. 'इतर' रकान्यात काय घालू हा प्रश्न सुटला म्हणायचा.

हिशोबी_मांजर

एक राहिलं, मेट्रो-बसचे १२,००० सुईका कार्डात (आधी पैसे भरून ट्रेन-बसला, दुकानात वापरायचं कार्ड) भरणार असाल तर ऐका. टोकियोत घेतलेलं सुईका क्योतोतही चालतं, पण परत करायचं असेल तर ते टोकियोकडच्या जेआरच्याच काउंटरवर, क्योतोत घेत नाहीत. तुम्ही तर कन्साईवरून निघताय, म्हणजे ५०० ची अनामत आणि शिल्लक दोन्ही अडकणार. तेव्हा एकदम भरू नका, २,०००-२,००० करत भरा आणि शेवटी जे उरेल ते विमानतळावरच्या कोंबिनीत संपवा, आधी कार्डातले सगळे घ्या आणि वरचे रोख देते म्हटलं की घेतात. कार्ड टाकून देऊ नका, शेवटच्या वापरापासून १० वर्षं चालतं.

घरकोंबडी

१० वर्षं! हे बहिणीला आत्ता नको सांगायला, पुढच्या खेपेचं बुकिंग करायला बसेल.