डॉक्टर का व्हावंसं वाटलं? खरं कारण लिहा, मुलाखतीतलं नको

निवांत_नाही
काल भाचीची तयारी घेत होते. पुढच्या आठवड्यात तिची मेडिकलच्या प्रवेशाची मुलाखत आहे. मी टेबलाच्या या बाजूला, चष्मा नाकावर ओढून परीक्षक झालेली. पहिलाच प्रश्न टाकला, "डॉक्टर का व्हायचंय?" तिने श्वास घेतला आणि घडाघडा सुरू, "मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे..." म्हटलं, थांब. लहानपणी तू रुग्ण बघितलेस कुठे? तर म्हणे, मावशी, सगळे हेच सांगतात.

खरंय. मीही तेच सांगितलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत.

माझं खरं कारण म्हणजे एक दार. धाकट्या भावाला दमा होता. रात्री-अपरात्री धाप लागली की घरात धावपळ, डॉक्टरकाका बॅग घेऊन यायचे आणि आई मला बाहेर काढून दार लावून घ्यायची. मी फरशीवर बसून ऐकायचे. आधी त्याच्या छातीतली शिट्टी, मग बॅगेचा खटका, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' फार वाईट. औषध लागू पडलं म्हणून आवाज थांबला, की दुसरंच काही, ते बाहेर बसून कळायचं नाही. पुढे शिकताना वाचलं की दम्याच्या मोठ्या झटक्यात शिट्टी बंद होणं हे दरवेळी चांगलं लक्षण नसतं. हवाच आत-बाहेर होत नसेल तर आवाज येणार कुठून? त्या दिवशी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

तर सेवाबिवा काही नाही हो. मला दाराच्या आत थांबायचं होतं. (भाऊ ठणठणीत आहे. डोंगर चढतो आणि मला व्यायामाचे सल्ले देतो.)

डॉक्टर झालात, होता होता राहिलात, मुलांना पाठवलंत, सगळे या.

टंकाळा
गणित नको म्हणून. सविस्तर नंतर.

कुकर_शिट्टी
ताई, ते दार डोळ्यासमोर आलं अगदी.
माझं कारण फारच साधं. दादा गेला म्हणून मी गेले. बाबांचा हिशेब असा की पुस्तकांचा एकच संच दोघांना पुरेल. मी पहिल्या वर्षाला पोचेपर्यंत निम्म्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आल्या होत्या. दादाने समासात काढलेली सरांची व्यंगचित्रं मात्र आवृत्ती बदलून जुनी होत नाहीत, ती उपयोगी पडली. दुसरी शिट्टी झाली, पळते.

बोरूबहाद्दर
टंकाळा, हात मिळवा. गणित नको म्हणून गेलेल्यांची संघटनाच काढू. आणि मग काय वाढून ठेवलं होतं? मिलिग्रॅम प्रति किलो. सलाईन मिनिटाला किती थेंब. रात्री तीन वाजता, डोळे मिटत असताना, तोंडी भागाकार. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट, आणि इथे लाल शाईची गोल खूण करून कोणी वही परत देत नाही. लहान मुलांच्या वॉर्डात मी प्रत्येक डोस दोनदा मांडायचो आणि वर सिस्टरना दाखवायचो. त्या न बघता म्हणायच्या, "बरोबर आहे डॉक्टर, कालही बरोबर होता." गणिताच्या बाईंनी हे बघायला हवं होतं.

टंकाळा
सलाईनचा साधा सेट २० थेंबांना १ मिली, मुलांचा बारीक सेट ६० थेंबांना १ मिली. झोपेत विचारा. नको होतं ते गणित, पण हेच तेवढं पाठ राहिलं.

चष्मेवाली
स्टेथोस्कोप गळ्यात टाकायचा होता. एवढंच. लाजण्यासारखं असेल तर लाजते.
पहिल्यांदा तो कानात घालून स्वतःचंच हृदय ऐकायला गेले तर काहीच ऐकू येईना. घाबरून मैत्रिणीला हाक मारली. कानातले दांडे उलटे घातले होते. ते पुढे, नाकाच्या दिशेने वळलेले असायला लागतात.
अवांतर: तो निघाला कसा माहितीये का? १८१६ मध्ये लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला एका तरुण मुलीचं हृदय तपासायचं होतं. तेव्हाची पद्धत म्हणजे थेट छातीला कान लावायचा. त्याला ते अवघड वाटलं, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी केली आणि त्यातून ऐकलं, तर जास्तच स्पष्ट ऐकू आलं. लाजाळूपणाचा एवढा उपयोग क्वचितच कुणी केला असेल. शिवाय तो बासरी वाजवायचा, म्हणजे नळीशी मैत्री जुनीच.

प्रभातफेरी
उत्तम विषय. सर्वांचे अनुभव वाचतो आहे. इथे एवढे डॉक्टर जमलेत म्हणून विचारतो, माझा डावा गुडघा जिना उतरताना कटकट वाजतो. दुखत नाही. काय असावे?

बोरूबहाद्दर
आलं! काका, हा अनुभव प्रत्येक डॉक्टरच्या आत्मचरित्रात असतो. लग्नात मला आजवर तीन जिभा आणि एक पायाचं नख दाखवून झालंय.

निवांत_नाही
काका, दुखत नाही, सूज नाही, तर नुसत्या आवाजाचं मनावर घेऊ नका. दुखायला लागला किंवा अडकायला लागला तर मात्र प्रत्यक्ष दाखवा, इथे नाही.

प्रभातफेरी
आभारी आहे. उजवाही कधीकधी वाजतो.

पुस्तककिडा
'आवड म्हणून' या उत्तराची गंमत वाटते. एलिझाबेथ ब्लॅकवेल, अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली बाई (१८४९). तिला शरीर, आजार वगैरेंची चक्क किळस होती आणि वैद्यकाचं पुस्तकही बघवत नसे, असं तिनेच लिहून ठेवलंय. मग गेली का? ओळखीच्या एक बाई मरणाच्या दारात होत्या. त्या म्हणाल्या की तपासायला बाई डॉक्टर असती तर माझे सगळ्यात वाईट हाल वाचले असते. आणि दुसरं कारण, तेही तिनेच कबूल केलेलं, की लग्नाच्या आणि आपल्या मध्ये काहीतरी भक्कम अडसर हवा होता! कॉलेजने निर्णय मुलांवर सोडला, मुलांना ती चेष्टा वाटली आणि त्यांनी एकमताने 'हो' म्हटलं. म्हणजे जाणारीलाही आवड नाही आणि घेणाऱ्यांनाही गांभीर्य नाही, तरी झाली डॉक्टर.

कुकर_शिट्टी
लग्नाला अडसर 😄 माझं तर तिथेच जमलं. शवविच्छेदनाच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा असायचा. फॉर्मलिनने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी, पहिली ओळख तीच.

दोन_मुलांची_आई
पुस्तककिडा, आपल्या आनंदीबाईंचं विसरू नका. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. पुढे सातासमुद्रापार फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये पदवी घेतली, प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर. परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. वयाची २२ वर्षंही पुरी नव्हती. स्वतःचा दवाखाना थाटायला वेळच मिळाला नाही. शाळेत हे निबंधात लिहून बक्षीस घेतलं होतं मी. स्वतः आई झाल्यावर 'दहा दिवस' म्हणजे किती ते कळलं. दहाव्या दिवशी मूल आवाजाकडे मान वळवायला बघत असतं.

माझा मुलगा मात्र मेडिकलला जायचं नाही म्हणतो. मार्क आहेत, आम्ही दोघं डॉक्टर. कारण विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दोघं एका वेळी घरी असलेलं मला आठवत नाही." यावर काय बोलणार. अजून बोललेली नाहीये.

चष्मेवाली
❤️ (यावर शब्द नाहीत म्हणून.)

मधलीसुट्टी
मी गेले कारण जिवलग मैत्रीण जात होती. तिचं नाव यादीत आलं नाही, माझं आलं. झालं!
पण राहिले का, ते आजीमुळे. पहिल्या वर्षाला एका सिनियरकडून हाडांचा संच घेतला. खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. खोका पलंगाखाली. आईने त्या खोलीत झाडायला यायचं सोडलं. आजी मात्र दुपारी येऊन पलंगावर बसायची आणि म्हणायची, काढ बघू आज काय शिकवलं ते. मी मांडीचं हाड काढलं की ती दोन्ही हातांत घ्यायची, तान्हं घेतात तसं. "हलकं आहे गं." मी तिला सांगायचे की माणसात २०६ हाडं. ती म्हणायची, माझी मोजून ठेव, कमी भरतील.
एक दिवस कमरेचं हाड काढलं. मी नुकतंच शिकले होते, पुढची कमान रुंद आणि मागची खाच पसरट म्हणजे बाई. ऐटीत सांगितलं, "आजी, ही बाई होती." आजीने हाड उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "हिला मुलं झाली होती का?"
मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या की हाडावरून तसं खात्रीने सांगता येत नाही. मी घरी येऊन तसंच सांगितलं. आजी म्हणाली, "मग हळू ठेव. आपटू नकोस."
तोपर्यंत मी त्या खोक्याला 'सामान' म्हणत होते.

निवांत_नाही
मधलीसुट्टी, तुमच्या आजीला भेटायचंय.

मधलीसुट्टी
मलाही. आता नाहीत. 🙂

तिसरी_घंटा
डॉक्टर झालेलो नाही, लिहू का?
तीन वेळा परीक्षा दिली. तिसऱ्या वेळी थोडक्यात हुकलं. कारण विचाराल तर मान. आईला 'डॉक्टरची आई' म्हणवून घ्यायचं होतं आणि मलाही ते ऐकायचं होतं. रुग्ण नावाचा माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता, हे आता कळतंय. तीन वर्षं गेल्यावर घरात कोणी तो विषयच काढेना. भाऊ टीव्हीवर दवाखान्याचं दृश्य लागलं की चॅनल बदलायचा, मला बरं वाटावं म्हणून. त्याचंच जास्त लागायचं.
आता प्रयोगशाळेत आहे. रक्ताच्या काचपट्ट्या बघतो. मागे एका नमुन्यात पांढऱ्या पेशी नेहमीसारख्या नाहीत हे बघून उठलो आणि डॉक्टरांना स्वतः फोन केला, अहवालाची वाट न बघता. त्यांनी त्याच दिवशी पुढची हालचाल केली. पेशंटला मी माहीत नाही. आईला सांगितलं, तर तिने शेजारी जाऊन सांगितलं.

बोरूबहाद्दर
भाऊ, रात्री प्रयोगशाळेतून असा फोन आला की आम्ही उठून उभे राहतो. हे खरं सांगतोय.

टंकाळा
+१

उशिरा_आले
अकरा वर्षं नर्स होते. बत्तिसाव्या वर्षी मेडिकलला गेले. वर्गातली मुलं पहिल्या आठवड्यात मॅडम समजून उभी राहिली, दुसऱ्या आठवड्यात काकू, तिसऱ्यापासून नोट्स मागायला.
कारण? रात्री फोन करून सांगायचं, "पेशंट बरा वाटत नाहीये." पलीकडून विचारणा, "नाडी किती, रक्तदाब किती?" आकडे ठीकच असायचे. "मग बघतो सकाळी." आकडे बिघडायच्या आधी पेशंट चादर चिमटीत धरून ओढायला लागतो, प्रश्नांना उत्तरं तुटक देतो, हे अकरा वर्षांत डोळ्यांना कळलं होतं, पण त्याला आकडा नव्हता. त्या 'बघतो'चा कंटाळा आला. राग म्हणा हवं तर. रागाने डॉक्टर झालेली मी एकटीच असेन इथे.
आता मला नर्सचा फोन आला की आधी चपला घालते, मग आकडे विचारते.

पुस्तककिडा
काकू (सॉरी!), अल्बर्ट श्वाइट्झरने तिसाव्या वर्षी, १९०५ मध्ये वैद्यक शिकायला सुरुवात केली. तोवर धर्मशास्त्राचा पंडित आणि ऑर्गनवादक म्हणून नाव झालेलं होतं. १९१३ मध्ये आफ्रिकेत जाऊन दवाखाना काढला.

उशिरा_आले
म्हणजे त्याच्यापेक्षा दोनच वर्षं उशीर. चालेल.

अबोल
नेहमी वाचनमात्र असतो. आज लिहितो.
बाबा गेले तेव्हा मी सोळाचा. अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही दिवसभर. जो येईल तो वेगळं बोलायचा. "प्रतिसाद कमी आहे", "प्रयत्न चालू आहेत", "परिस्थिती गंभीर पण स्थिर". आई प्रत्येक वाक्यातून आशा काढायची. संध्याकाळी एक शिकाऊ डॉक्टर बाहेर आला, माझ्यापेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठा. त्याने स्टूल ओढलं, आईसमोर बसला, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाला, "काकू, ते गेले. पाच मिनिटं झाली. शेवटी त्यांना त्रास झाला नाही." आणि बसून राहिला. उठला नाही. आई रडायची थांबेपर्यंत त्याला दोनदा आतून बोलावणं आलं, तो हात वर करून 'आलो' म्हणायचा आणि बसूनच राहायचा.
त्याचं नाव मला माहीत नाही.
मुलाखतीत मीही सेवाच सांगितली.

कुकर_शिट्टी
हातातलं काम ठेवून दोनदा वाचलं.

निवांत_नाही
अबोल, लिहिलंत ते बरं केलंत.

भाचीने हे सगळं रात्री जागून वाचलं. सकाळी म्हणाली, मावशी, माझं खरं कारण सांगितलं तर हसशील. म्हटलं सांग. सात वर्षांची असताना सायकलवरून पडली, गुडघ्याला चार टाके पडले. रोज पट्टी उचलून आत डोकवायची, आईचा मार खाऊन. जखम मधून भरत नाही, कडेने सरकत येते, हे तिने तेव्हा बघितलं. नवी कातडी येते कुठून आणि तिला थांबायचं कधी हे कसं कळतं, एवढंच तिला जाणून घ्यायचंय. "हे सांगू मुलाखतीत?" मी म्हटलं, हेच सांग, आणि पट्टी उचलत होतीस तेवढं गाळ.

प्रभातफेरी
भाचीला शुभेच्छा. गुडघ्यांत रस आहे हे वाचून आनंद झाला. डॉक्टर झाल्या की कळवावे, तोपर्यंत जिना जपून उतरतो.