क्लायमेट कंट्रोलचं पॅनेल थंडीत कोरं, तापल्यावर चालू: घरी दुरुस्त होईल का?

फ्यूजउडाला
ऑटो क्लायमेट कंट्रोलचं डिजिटल पॅनेल आहे. सकाळी गाडी सुरू केली की डिस्प्ले कोरा, बटणं मुकी, ब्लोअर बंद. १५-२० मिनिटांत केबिन तापली की सगळं आपोआप चालू होतं. उजव्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबलं तर कधीकधी लगेच जिवंत होतं. तापमान वाढवायचं बटणही फार जोरात दाबावं लागतं. फ्यूज शाबूत दिसतात. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घरी आहे. नवीन पॅनेल घेण्याआधी काय काय तपासावं?

डागवाला
दाबल्यावर चालू होतंय, हीच मोठी खूण. तापल्यावर सुधारणारा दोष बहुतेक वेळा ड्राय सोल्डरचा, म्हणजे सोल्डरचा जोड नीट न धरल्याचा असतो, नाहीतर वय झालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. नुसत्या उबेने फरक पडत असता तर कपॅसिटरवर संशय घेतला असता. दाबानेही पडतोय म्हणजे आधी डाग (सोल्डरचे जोड) बघा.

पण बोर्ड उघडण्याआधी पुरवठा मोजा. अशा पॅनेलला सहसा दोन लाइन येतात, एक बॅटरीवरून कायमची आणि दुसरी इग्निशनची, आणि दोघींचे फ्यूज वेगळे असतात. पॅनेल कोरं असतानाच कपलरच्या (वायरींच्या प्लगच्या) मागून मीटरचा प्रोब लावा, कपलर काढू नका. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना दोन्ही लाइनवर साधारण १२ व्होल्ट हवेत. अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वायरिंगचा आहे, बोर्ड उघडून उपयोग नाही.

पॅनेल काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा आणि एअरबॅगसाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. दिलेला नसेल तर १० मिनिटं. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही, मीटर तर मुळीच नाही. ट्रिम प्लास्टिकच्या पट्टीने उचका, स्क्रूड्रायव्हरने कडा फुटतात. मोजमापासाठी पॅनेल जोडलेलं ठेवून बॅटरी पुन्हा लावा, आणि बोर्ड उघडण्याआधी परत सोडा.

बोर्डावर कपलरच्या पिना, मोठे ट्रान्झिस्टर आणि व्होल्टेज रेग्युलेटर यांचे डाग भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. पिनेभोवती बारीक गोल चीर दिसली की तोच डाग. कपलर ओढताना-बसवताना सगळा ताण तिथेच येतो, म्हणून तो आधी तडकतो. जुन्या डागावर नुसतं आयर्न टेकवू नका. फ्लक्स लावा, विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) जुनं सोल्डर उचला आणि ६०/४० चं (कथील-शिशाचं) नवीन द्या. टोक ३५० अंशांच्या आसपास, एका पिनेवर २-३ सेकंद. जास्त वेळ धरलं तर तांब्याचा पॅड उपटतो, आणि मग जंपर (जोडवायर) मारत बसावं लागतं.

चौथागिअर
डिस्प्ले आणि ब्लोअर एकत्र जातात, म्हणजे पुरवठ्याचेच डाग. नुसता डिस्प्ले अर्धवट दिसत असता तर डिस्प्लेची काच बोर्डाशी जोडणारी रबरी झेब्रा पट्टी बघायला सांगितलं असतं.

बटणाचा दोष वेगळा आहे, तो यात मिसळू नका. रबरी मॅटखालचे काळे कार्बनचे ठिपके आणि बोर्डावरचे पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको. कार्बनचा थर पातळ असतो, एकदा घासला गेला की बटण कायमचं गेलं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही मारू नका, त्याने धूळ धरते.

फ्यूजउडाला
दोन्ही लाइनवर १२.३ व्होल्ट, अर्थवर ०.०२. कपलरच्या दोन पिनांभोवती चीर दिसतेय. कपॅसिटर फुगलेले नाहीत. तेही आत्ताच बदलू का?

डागवाला
फुगलेला नसला म्हणजे चांगला असं नाही, पण आधी डाग देऊन थंड गाडीत तपासा. दोन्ही कामं एकदम केली तर दोष कशात होता ते कळणार नाही. नंतर बदलायचेच असतील तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंश तापमान सोसणारे. बसवताना कपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू निगेटिव्हला.

तिरपापाना
बसवल्यावर एक गंमत होते, घाबरू नका. बॅटरी सोडल्यामुळे काही गाड्या फ्लॅपच्या (हवा वळवणाऱ्या झडपांच्या) मोटरींच्या जागा विसरतात. इग्निशन चालू करून २-३ मिनिटं एकही बटण दाबू नका, मोटरी टोकापर्यंत फिरून जागा शोधून घेतात. काही मॉडेलमध्ये हे दोन बटणं एकत्र धरून सुरू करावं लागतं, पुस्तिकेत बघा. त्यानंतरही डॅशबोर्डाच्या आतून टकटक येत राहिली तर मोटरच्या प्लास्टिक गिअरचा दात गेलाय, पॅनेलचा त्यात दोष नाही.

आणि सगळी ट्रिम दाबून बसवण्याआधी पॅनेल तसंच लटकत ठेवून एक थंड सकाळ बघा. क्लिपा दोन-तीनदाच काढघाल सोसतात.